पायरीवरचा उजेड

आरवाडे काकूंनी पिशवी काउंटरवर उपडी केली आणि कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

“बघा अण्णा. तुम्हीच बघा.”

पिशवीतून डाळिंबी शालू निघाला आणि त्याच्यामागून एक शिवून तयार झालेला ब्लाउज. अस्तर, हुक, बाह्यांना काठ, सगळं झालेलं.

“हा डाळिंबी आहे? राणी आहे हा, राणी! परवा लेकीच्या अक्षता, आणि मी मांडवात अशी उभी राहू? विहीणबाई तर कारणच शोधत बसल्यात.”

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ब्लाउजची बाही शालूच्या पदराशी लावून धरली. मी मागच्या स्टुलावर बसले होते. ट्यूबच्या उजेडात मलासुद्धा फरक दिसत होता, आणि रंगांच्या बाबतीत आमच्या घरात मी सर्वांत अडाणी.

“पायरीवर बघून दिला होता,” अण्णा म्हणाले.

“पायरीवर मीपण बघितला की! एकजीव दिसला. घरी गेला आणि बदलला. कापड आहे का सरडा?”

“दुसरं देतो. महादू टेलरला सांगतो, उद्या संध्याकाळपर्यंत शिवून देईल. शालू ठेवून जा.”

“कापडाचं नाही ओ अण्णा.” काकूंचा आवाज खाली आला. “माझ्या सासूबाई तुमच्याकडं यायच्या. तुम्ही दिलेला रंग आम्ही घरी जाऊन कधी परत बघितलासुद्धा नाही. रागानं नाही सांगत, पण एकदा डोळे दाखवून घ्या.”

त्या गेल्यावर अण्णांनी ब्लाउजची घडी घातली, मग ती मोडली, पुन्हा घातली. तुळशीचं लग्न झाल्यापासून परत आलेलं ते सातवं का आठवं कापड होतं.

मी त्यासाठीच पुण्याहून आले होते. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी दुपारी एकची वेळ घेतली होती. अण्णांचा मोतीबिंदू अजून कच्चा आहे, थांबलं तरी चालेल, असं त्यांनी उन्हाळ्यात सांगितलं होतं. पण काढायचाच म्हटलं तर काढूही, असंही ते म्हणाले होते. मी ते दुसरं वाक्य लक्षात ठेवलं होतं.

सांगलीच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर होतं. साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, परकर, फॉल, एवढंच. एकट्या हिरव्याच्या चाळीसहून जास्त छटा फळ्यांवर रचलेल्या. दुकानाचं तोंड उत्तरेला. आजोबांनी मुद्दाम तसं घेतलं होतं, कारण उत्तरेच्या दारात ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर एकसारखा असतो. रंग ट्यूबखाली ठरवायचा नाही, हा आजोबांचा नियम अण्णांनी पन्नास वर्षं पाळला. साडी आणि तीन ताग्यांची टोकं हातात घेऊन गिऱ्हाइकाला दारातल्या दगडी पायरीवर न्यायचं. आत कितीही वेगळा दिसो, पायरीवर जुळला की जुळला. तरी बाईंचं मन धजत नसेल, तर रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवायचं. पोस्टमन असो, दूधवाला असो. “जरा बघा हो, यातला कुठला?” तो सांगेल तो रंग नक्की. त्याला साडी नेसायची नसते आणि कापड विकायचं नसतं. ज्याला उत्तर हवं असतं त्याला रंग दिसत नाही, असं अण्णा म्हणायचे.

समोर पूर्वी धान्याचं एक जुनं गोदाम होतं. ते पाडून तिथे ‘हेमकांता सिल्क्स’चं नवं दुकान झालं. पाच मजले, आणि खालपासून वरपर्यंत तांब्याच्या रंगाची काच. मुंबईच्या आर्किटेक्टने ती काच सरळ लावली नव्हती. साडीच्या निऱ्यांसारखी दुमडत नेली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रस्त्यात थबकले. आमच्या बाजारात कुणी इतका विचार करून काही बांधलं नव्हतं. मी अण्णांना तसं म्हणालेसुद्धा होते.

त्या दुकानाने रस्ता बदलून टाकला. त्यांच्या बाजूच्या फुटपाथला गुळगुळीत काळा दगड बसला आणि शिट्टीवाला रखवालदार आला. तिकडच्या मोटरसायकली त्याने आमच्या बाजूला हाकलल्या. गजरेवालीची टोपली दोन गल्ल्या पलीकडे गेली. बायका आमच्या पायऱ्यांवर उभ्या राहून, निऱ्या मागे दिसतील असे फोटो काढायच्या. ऊन पडलं की त्या काचेतून एक मऊ तांबूस उजेड रस्त्यावर उतरायचा, आणि त्यात सगळे चेहरे हळद लागल्यासारखे उजळ दिसायचे. बाजारात कुणाचीच तक्रार नव्हती. पेढेवाल्याने तर आतली सगळी बाकं नवी केली.

“उजेड बदललाय,” अण्णा म्हणाले. गेला महिनाभर फोनवर ते हेच म्हणत होते.

“अण्णा, समोरचं दुकान गुढीपाडव्याला उघडलं. चैत्र-वैशाखाची लग्नं झाली. श्रावणातसुद्धा तुम्ही रंग दिलेत. एक तरी परत आला?”

“नाही.”

“मग समोरची काच तीच, पायरी तीच, आणि उजेड आत्ताच कसा बदलला?”

अण्णांनी ब्लाउजची घडी पुन्हा मोडली.

बाजूच्या खोपटात जुलेखाभाभीचं फॉल-पिकोचं मशीन चालत होतं. तिने पाय थांबवला. “अण्णा, तुम्ही बापलेक खुशाल भांडा, मी चहा सांगते. फक्त मला साक्षीला बोलवू नका.”

“का ग?”

“त्यांच्या साड्यांना फॉल लावून लावून माझ्या एका मशीनची तीन झाली. मी खोटं बोलीन, अल्ला कसम! पोटावर पाय द्यायला मी काय येडी आहे?”

अण्णा हसले. मी हसले नाही. मला अकरा वाजताची एसटी, शनिवार-रविवारच्या खेपा, आई गेल्यापासून त्यांचं एकट्याचं ते स्वयंपाकघर, दोन महिन्यांपूर्वी चालू राहिलेला गॅस, हे सगळं दिसत होतं. पुण्याला मी खोली तयार ठेवली होती. पलंग आणून ठेवला होता. दर वेळी ते म्हणायचे, “हात चालतोय तोवर चालू दे की, शरू.” एक माणूस इतका साधा विषय इतके महिने कसा ताणू शकतो, या विचाराने माझं डोकं दुखायला लागलं होतं.

अण्णा उठले आणि चपला घालून सरळ समोर गेले. मी मागे धावले.

सुकुमार मगदूमने आम्हाला आत बसवलं. दुकानाचा मालक, माझ्याहून लहान. त्याच्या आईचे ब्लाउज आमच्याकडचे.

“काका, सांगावा धाडायचा की, मी आलो असतो.”

“सुकुमार, सकाळी दहा ते बारा, एवढाच वेळ, ती खालची काच झाकून बघशील? चादर टाक नाहीतर पडदा सोड. लगीनसराई आहे तोवर.”

“बाहेरून?” सुकुमारला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “काका, आर्किटेक्टशी लिहून झालंय. बाहेरून कागद चिकटवायचा नाही. आम्हाला आमच्या नावाचा बोर्डसुद्धा हवा तसा लावू दिला नाही त्याने.”

“माझ्या पायरीवर रंग फसतात रे.”

“अख्ख्या रस्त्यात कुणी बोललं नाही काका. आणि पाडव्यापासून काच आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “त्यापेक्षा असं करा, तुम्हीच इकडे या. तिसऱ्या मजल्यावर मॅचिंगचा विभाग काढतोय. खास दिवे आणलेत, अगदी उन्हासारखे. सकाळी या, संध्याकाळी या, एकच उजेड. तुम्ही नुसतं बसायचं आणि बोट दाखवायचं.”

“सकाळ-संध्याकाळ एकच उजेड?”

“एकच.”

“मग साडी नेसून बाईनं तिसऱ्या मजल्यावरच राहायचं का?”

सुकुमार मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. आम्हाला सोडायला तो दारापर्यंत आला आणि अण्णांच्या पाया पडला. भांडायला जावं आणि समोरच्याने वाकून नमस्कार करावा, याच्याइतकी पंचाईत नाही. अण्णा रस्ता ओलांडून आले आणि पायरीवर बसून राहिले. मान वर करून समोरच्या काचेकडे, आणि तिच्याही वर.

मग त्यांनी विचारलं, “शरू, वैशाखात दुपारचा सूर्य कुठं असतो?”

“डोक्यावर.”

“आणि आत्ता, मार्गशीर्षात?”

“दक्षिणेला कललेला.”

ते उठले. काउंटरवर कापडावर खुणा करायचा खडू होता. त्याने त्यांनी लाकडावर दोन उभ्या रेघा काढल्या. एक समोरचं दुकान, एक आमचं. मग वरून सरळ खाली एक रेघ. ती काचेला शिवत नव्हती. मग आमच्या छपरावरून जाणारी एक तिरपी रेघ. ती काचेवर आदळली, वळली आणि आमच्या पायरीवर येऊन थांबली.

“दिवाळीपर्यंत ऊन काचेवर पडतच नव्हतं असं. आता पडतंय.”

मी ती रेघ पाहत राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या हाताखालून भूगोलाची शेकडो पुस्तकं गेली होती.

“असेल,” मी म्हणाले. “नसेलही.”

“तेच म्हणतोय मी. नसेलही. मग बघू या की! उद्या आठ वाजता ऊन वर आलेलं नसतं, तेव्हा बघायचं. मग अकराला बघायचं. हाच शालू, हीच बाही. सकाळी वेगळे दिसले आणि अकराला एक झाले, तर उजेड. दोन्ही वेळा वेगळे दिसले, तर माझे डोळे. तू म्हणशील तसं मिरजेला येतो. पुण्याला पण येतो.”

“बरं.”

“पण मी नाही बघणार. मला आता काय हवंय ते मला ठाऊक आहे. रस्त्यावरचा माणूस तीन तासांनी परत यायचा नाही. जुलेखानं हात झटकले. तू बघ.”

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बाजार झाडला जात होता. समोरची काच मळकट, विटकरी दिसत होती, तिच्यात काही चमक नव्हती. मी शालूचा पदर आणि ब्लाउजची बाही घेऊन पायरीवर उभी राहिले. फरक शोधावाही लागला नाही. शालू पिकलेल्या डाळिंबाचा, बाही सरळ गुलाबी.

“काही बोलू नको,” अण्णा आतून म्हणाले. “मनात ठेव.”

मग आम्ही वाट पाहिली. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना परकर दिले, ब्लाउजच्या कापडाला आलेल्या एकीला “दुपारनंतर या” म्हणून परत पाठवलं. मी मिरजेला न्यायची पिशवी भरली. आधीचे कागद, पाण्याची बाटली, टॉवेल. रिक्षावाला बाराला येणार होता.

साडेदहाच्या सुमाराला काच पेटली. तांबूस पट्टे रस्त्यावर उतरले, निऱ्यांसारखेच, एकाआड एक. त्यातला एक हळूहळू मोटरसायकलींच्या सीटवर चढला, पलीकडे उतरला आणि अकराला पाच कमी असताना आमच्या पायरीवर आला. ते ऊन वाटत नव्हतं. अंग तापत नव्हतं. एखाद्या कार्याच्या घरातला प्रसन्न उजेड वाटत होता.

अण्णा आत, दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले.

मी पदर आणि बाही त्या उजेडात धरली. एकच रंग होता. बाही कुठे संपते आणि पदर कुठे सुरू होतो, ते मला काठावरून ओळखावं लागत होतं. नीट बघावं म्हणून मी वाकले, तर माझ्या डोक्याची सावली बाहीवर पडली, आणि सावलीपुरती ती पुन्हा गुलाबी झाली. मी मान बाजूला घेतली. डाळिंबी. पुन्हा वाकले. गुलाबी. तीन वेळा मी हे केलं.

“बघितलंस?”

“हो.”

“सांग.”

त्यांच्या मानेवर केस वाढले होते. पुण्याला नेलं की आधी न्हाव्याकडे न्यायचं, असं माझ्या मनात आलं.

“वेगळे दिसतात,” मी म्हणाले. “सकाळी वेगळे होते, आत्ताही वेगळेच आहेत.”

ते वळले नाहीत. जुलेखाभाभीचं मशीन थांबलं होतं. तिने तोंडातला दोरा तोडला आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मशीन सुरू झालं.

“आरवाडे काकूंना पण एकच दिसला होता,” अण्णा म्हणाले. वाद घालण्याचा सूर नव्हता. हिशेबात एक वस्तू राहून गेली, तशी त्यांनी ती पुढे ठेवली.

“काकूंनी रंग बघितलाच नव्हता, अण्णा. त्यांनी तुमच्याकडे बघून हो म्हटलं. काल त्याच म्हणाल्या ना, तुम्ही दिलेला रंग त्या परत बघत नाहीत म्हणून?”

हे मला इतकं चटकन सुचलं, याचं त्या क्षणी मला समाधानच वाटलं होतं.

“हां,” अण्णा म्हणाले. “तेही खरंच.”

मग ते उठले आणि काउंटरवरच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. आधी तिरपी. आरवाडे काकूंसाठी कापड त्यांनी मलाच निवडायला लावलं. मी ट्यूबखाली निवडलं. ते बरोबर निघालं. काकूंनी नंतर निरोप पाठवला होता.

मिरजेला एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, दुसऱ्याचं संक्रांतीनंतर. होळीच्या आत अण्णा पुण्याला राहायला आले. दुकान सुकुमारनेच घेतलं. ताग्यांसकट घेतलं आणि भाव पाडून मागितला नाही. तिथे आता त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या ठेवतात.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात जुलेखाभाभीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, “समोर सेल लागलाय. वरून खालपर्यंत हे एवढं मोठं कापड सोडलंय जाहिरातीचं, काच दिसतच नाही. लगीनसराई संपेपर्यंत राहणार म्हणतात.” मग म्हणाली, “अण्णांना सांग हवं तर.”

“सांगते,” मी म्हणाले. सांगितलं नाही.

अण्णांना जाऊन आता अकरा महिने झाले. नऊ वर्षं ते माझ्याजवळ होते. नऊ वर्षांत त्यांनी कसली तक्रार केली नाही. डोळे उत्तम झाले होते. चष्म्याशिवाय पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. पण मंडईत वांगी घेताना मला विचारायचे, “ही जांभळीच आहेत ना?” मी नवी साडी नेसले की म्हणायचे, “छान आहे. कुठला रंग हा?” सुरुवातीला मला वाटायचं, गंमत करतात.

पुण्यातल्या चौथ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या पेठकर बाई संध्याकाळी खाली आल्या. भाचीचं लग्न होतं. हातात पैठणी आणि दोन ब्लाउजपीस.

“आजोबा, तुम्ही एवढं मोठं मॅचिंगचं दुकान चालवायचा म्हणे. माझा घोळ सोडवा बाई एकदाचा. दुकानदार म्हणतो हा घ्या, नवरा म्हणतो काहीही घ्या.”

अण्णांनी दोन्ही कापडं मांडीवर घेतली. अंगठा आणि बोटामध्ये पोत चाचपला. पैठणीचा पदर उलगडला आणि त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते खिडकीबाहेर पाहत होते.

“शरूला विचारा,” ते म्हणाले. “तिची नजर चांगली आहे.”

“अण्णा, तुम्ही बघा ना.”

“तूच बघ.”

पेठकर बाई दोघांकडे आलटूनपालटून पाहायला लागल्या. मी कापडं घेतली, गॅलरीत गेले, पैठणीला लावली. एक मोरपंखी होतं, दुसरं त्याहून जरा निळं. मी मोरपंखी काढून दिलं. “बघा, मी पण हाच म्हणत होते,” असं म्हणत बाई खूश होऊन वर गेल्या.

मी दार लावून आले. अण्णांनी पेपर उघडला होता.

“बरोबर होता ना, अण्णा?”

“तुला दिसला ना?” त्यांनी पान उलटलं. “मग झालं.”